मालक गल्ल्यावर नसताना

पुण्यात चहाचे किंवा वडापावचे एखादे दुकान जोरात चालू लागले की थोड्याच दिवसांत ‘फ्रँचायझी देणे आहे’ असा फलक झळकतो. दारात गर्दी आहे, म्हणजे धंदा वाटायला तयार आहे, अशी समजूत त्यामागे असते. शहराच्या धंद्यांचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाही. गर्दीवरून दुकानाचे नाव झाले एवढेच कळते. ते दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल का, हे मालक गल्ल्यावर नसताना माल कसा निघतो यावर ठरते.

अमृततुल्याचेच पाहा. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पेठांमध्ये ही दुकाने थाटली. सोन्या मारुती चौकाजवळचे आद्य अमृततुल्य १९२४ सालचे. दर्शनी भागात बैठक, पुढ्यात शेगडी, तिच्यावर घासून लख्ख केलेले पितळी पातेले आणि हाताशी आले-वेलदोडे कुटायला खलबत्ता. चहा किती उकळू द्यायचा, आले केव्हा टाकायचे, हे सारे बैठकीवरच्या माणसाच्या नजरेवर चाले. म्हणून अमृततुल्य शहरभर पसरले ते नात्यागोत्यातून, हाताखाली तयार झालेल्या माणसांतून. दुकानागणिक मालक वेगळा आणि चवही थोडी वेगळी. कसब हातात होते, तोवर ते हाताबरोबरच दुसरीकडे जाऊ शकत होते.

चितळ्यांचा प्रवास याच्या पुढचा आहे. भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली भिलवडीला दुधाचा व्यवसाय सुरू केला. १९५० साली रघुनाथराव आणि नरसिंहराव या बंधूंनी पुण्यात मिठाईचे दुकान काढले. सत्तरच्या दशकात बाकरवडी आली. पारी जाड राहिली तर आतून कच्ची, सारण सैल झाले तर वळकटी तेलात सुटते. असा हा हाताची परीक्षा पाहणारा पदार्थ. तो पुढे यंत्रावर आणला गेला आणि चव माणसाच्या हातावर अवलंबून राहिली नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद, हा दशकानुदशकांचा शिरस्ताही २०१७ साली मोडला. फ्रँचायझीची दुकाने आली ती दुधाचा पुरवठा, यंत्र आणि शिस्त हाती आल्यावर, पहिल्या दुकानानंतर कित्येक दशकांनी. अमेरिकेतही मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४८ साली स्वयंपाकघराची नव्याने मांडणी केली, कामाचे तुकडे पाडले. रे क्रॉकने त्या पद्धतीवर आपले पहिले दुकान उघडले ते १९५५ साली.

यावर कोणी म्हणेल, इतकी वाट पाहिली तर बाजार दुसराच घेऊन जाईल. येवले अमृततुल्यच्या शाखा बघता बघता पसरल्याच ना? पण येवले कुटुंब चहाच्या धंद्यात १९८०च्या दशकापासून आहे आणि साखळी वाढली ती २०१७च्या सुमारास. दिसायला झटपट वाटणाऱ्या वाढीमागे तीनेक दशकांची उमेदवारी होती. दुसरा आक्षेप असा, की जो वाढत नाही तो धंदा संपतो. ईस्ट स्ट्रीटवरची कयानी बेकरी १९५५ पासून शाखेविना उभी आहे आणि श्रूजबरी बिस्किटांसाठी लोक आजही तिथे रांग लावतात. ‘हा धंदा वाटण्याजोगा नाही’ हेही तितकेच पक्के उत्तर असू शकते.

म्हणून नव्या व्यावसायिकाने आधी दुसरे दुकान स्वतःच्या भांडवलावर, पगारी माणसांच्या भरवशावर चालवावे. उन्हाळा, पावसाळा आणि सणासुदीचे दिवस त्यात येऊ द्यावेत. भाडे, पगार, कच्चा माल आणि रॉयल्टी वजा जाऊन चालवणाऱ्याच्या हाती काय उरते, ते वहीत मांडावे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. व्यवहार मुख्यतः १८७२च्या करार कायद्यावर चालतो. निवृत्तीची पुंजी घालून दुकान घेणाऱ्याला खरे आकडे दाखवण्याची जबाबदारी त्यामुळे नाव देणाऱ्यावरच येते. ते आकडे अजून वहीत नसतील, तर फलक लावण्याची वेळ आलेली नाही.