अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हातात आलेला कॅमेरा



आमच्या गटातल्या एका ताईंना त्यांच्या मुलानं नवा मोबाईल घेऊन दिला. पापड-कुरडयांचे फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवता यावेत म्हणून. बैठकीत ताई म्हणाल्या, "या वयात मला कुठं जमायचंय हे? फोटो एक तर काळा येतो, नाहीतर हललेला." ताईंचं वय ४८. तो आकडा ऐकला आणि मला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बाईंची आठवण झाली. त्यांच्या हाती पहिला कॅमेरा आला तेव्हा त्यांचंही वय ४८ होतं. त्यांचाही पहिला फोटो वाया गेला. त्यांचेही फोटो हललेले म्हणून जाणकार हसले. आज मात्र जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ते जपून ठेवलेले आहेत. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

त्यांचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आपण ज्युलियाबाई म्हणू. बाई इंग्रज, पण जन्म आपल्याकडचा, कलकत्त्याचा, ११ जून १८१५ चा. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी होते. लहानपणी शिक्षणासाठी त्यांना फ्रान्सला पाठवलं. १८३८ मध्ये कलकत्त्यातच त्यांचं लग्न झालं. नवरा चार्ल्स कॅमेरॉन त्यांच्याहून २० वर्षांनी मोठे. इंग्रज सरकारच्या कायद्याच्या कामात त्यांचं वजन होतं. १८४८ मध्ये हे कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १८६० मध्ये आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी राहू लागलं.

ज्युलियाबाईंना स्वतःची सहा मुलं, शिवाय नात्यातली पोरकी मुलंही त्यांनी सांभाळलेली. घर कायम माणसांनी भरलेलं. पण मुलं मोठी झाली, लेक सासरी गेली. नवऱ्याचे सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, कॉफीचे मळे होते, ते बघायला तो तिकडं गेला. घर एकदम रिकामं वाटायला लागलं. आईला करमत नाही हे सासरी गेलेल्या लेकीनं ओळखलं. डिसेंबर १८६३ मध्ये तिनं आणि जावयानं आईला एक कॅमेरा भेट दिला. तेवढाच जिवाला विरंगुळा.

आता कॅमेरा म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढं हातात मावणारी वस्तू येते. तो होता लाकडाचा मोठा पेटारा. पुढं पितळी नळीत बसवलेलं फ्रेंच बनावटीचं भिंग, मागं ११ इंच लांब आणि ९ इंच रुंद काच बसवायची जागा. फिल्म अजून निघालीच नव्हती. फोटो काचेवर घ्यायचा.

ते काम आपल्या स्वयंपाकासारखंच, पण जरा जिवावरचं. स्वच्छ पुसलेल्या काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्राव ओतायचा आणि काच हळूहळू कलती करत, घावन तव्यावर पसरावं तसा तो चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरवायचा. मग अंधाऱ्या खोलीत ती काच चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची. आता तिला उजेड लागला की उमटणार. ती ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, धावत परत अंधाऱ्या खोलीत यायचं आणि दुसरं औषध ओतून चित्र उठवायचं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत उरकायला हवं, कारण काच वाळली की फोटो गेला. शेवटी चित्र पक्कं करण्यासाठी ज्युलियाबाई पोटॅशियम सायनाइड वापरायच्या. हे जहाल विष. पुढं भरपूर पाण्यानं धुणं आलं, वॉर्निश आलं. मग अंड्याचा पांढरा बलक लावलेल्या कागदावर ती काच ठेवून उन्हात चित्र उतरवायचं.

हे सगळं शिकवायला कुणी गुरू जवळ नव्हता. ओळखीत एक मोठा माणूस मात्र होता, शास्त्रज्ञ जॉन हर्शेल. फोटो पक्का करायला लागणारं हायपो हे औषध वापरण्याची वाट त्यांनीच १८३९ मध्ये दाखवली होती. ज्युलियाबाई कलकत्त्यात होत्या तेव्हाच हर्शेल यांनी त्यांना पत्रातून फोटोचे नमुने पाठवले होते. म्हणजे ही नवलाई त्यांनी वीस वर्षं आधी पाहिली होती. पण स्वतः करून बघायची वेळ संसार बराचसा उरकल्यावर आली.

जागा कुठली? कोळसा साठवायच्या खोलीची अंधारी खोली झाली. कोंबड्यांचं काचेचं खुराडं होतं, त्याचा स्टुडिओ झाला. कोंबड्या बाहेर निघाल्या, आणि मुलांना ताजी अंडी विकून चार पैसे मिळायचे तेही बंद झाले. आपल्यापैकी कितीजणींनी शिलाई मशीन ओसरीच्या कोपऱ्यात नाहीतर गोठ्याच्या कडेला मांडलंय! तसंच हे.

पहिला फोटो काढला तो गावातल्या एका शेतकऱ्याचा. तासाला अर्धा क्राउन मजुरी देऊन त्याला बसवलं. फोटो छान आला आणि आनंदाच्या भरात बाईंनी काचेच्या ओल्या बाजूवरून हात फिरवला. चित्र पुसलं गेलं! मजुरीही गेली आणि औषधंही गेली. पण बाई दुसऱ्या काचेच्या तयारीला लागल्या.

जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी अ‍ॅनी नावाच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला बसवलं. तिला समजावलं, बाळ, तू हललीस तर माझी औषधं आणि मेहनत फुकट जाईल गं. पोरगी हलली नाही. फोटो मनासारखा आला. बाईंना इतका आनंद झाला की त्या पोरीला काय देऊ नि काय नको म्हणून घरभर धावल्या. त्याच दिवशी तो कागदावर उतरवून, चौकटीत बसवून त्यांनी मुलीच्या वडिलांना देऊन टाकला. हे आपलं पहिलं यश, असं त्यांनी त्या चित्राबद्दल लिहून ठेवलं आहे. कॅमेरा हाती येऊन जेमतेम महिना झाला होता.

आता उजेडाची गोष्ट. हे नीट ऐका, आपल्याही कामाचं आहे. त्या काळचे धंदेवाईक फोटोग्राफर चारी बाजूंनी सारखा उजेड पाडायचे. कोटाचं बटण न् बटण दिसलं पाहिजे. ज्युलियाबाईंनी उलट केलं. खुराड्याच्या काचांवर पडदे टाकले आणि उजेड एकाच अंगानं, नाहीतर वरून येऊ दिला. माणसाच्या अंगावर गडद कापड, मागंही अंधार. त्यामुळं चेहऱ्याची एक बाजू उजळायची, दुसरी सावलीत जायची आणि नाक, कपाळ, डोळे उठून दिसायचे. नकटा असो की सुरकुतलेला, तो चेहरा बोलायला लागायचा.

पण उजेड कमी म्हणजे वेळ जास्त. समोरच्या माणसाला तीन ते सात मिनिटं बिनहालता बसावं लागे. माणूस श्वास घेणारच, पापणी लवणारच. शिवाय भिंग पूर्ण उघडं ठेवलं की जवळून काढलेल्या चेहऱ्यात डोळे स्पष्ट येतात आणि कान, केस धुरकट होतात. सुरुवातीला हे आपोआप झालं. पण बाईंना ते आवडलं. भिंग फिरवताना चेहरा डोळ्यांना सुंदर दिसला की त्या तिथंच थांबायच्या, आणखी स्पष्ट करायच्या भानगडीत पडायच्या नाहीत.

फोटोग्राफीच्या जाणकारांना हे पटेना. १८६४-६५ च्या प्रदर्शनांत त्यांचे फोटो लागले तेव्हा मासिकांतून टीका झाली. काम ढिसाळ आहे, काचेवर डाग आहेत, बोटांचे ठसे आहेत, बाईंना यंत्रच कळत नाही. बाईंनी हर्शेल यांना पत्रात विचारलं, कोणता फोकस खरा हे ठरवायचा हक्क कुणाला? पत्र लिहून त्या गप्प बसल्या नाहीत. १८६५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयानं, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं, त्यांचे फोटो विकत घेतले आणि १८६८ मध्ये कामासाठी दोन खोल्याही दिल्या. एव्हाना त्या आणखी मोठ्या, १५ बाय १२ इंची काचेच्या कॅमेऱ्यावर काम करत होत्या.

सगळ्या चुका मात्र सोन्याच्या ठरल्या नाहीत, हेही सांगायला हवं. वॉर्निशाला जाळीसारख्या चिरा पडून त्यांच्या अत्यंत मोलाच्या ४५ काचा एका वर्षात नासल्या. तेव्हा त्या जाणकारांकडं उपाय विचारायला गेल्या. धूसर चेहरा ही त्यांची आवड होती, तडकलेली काच ही नुकसानी होती. हा फरक त्यांना कळत होता.

दुसरी एक गोष्ट त्यांना चांगली कळत होती. १८६२ मध्ये इंग्लंडात कायदा झाला होता, फोटोवरही काढणाऱ्याचा हक्क. बाईंनी पाचशेहून अधिक फोटो सरकारी दप्तरात स्वतःच्या नावावर नोंदवले. मळ्यांचं उत्पन्न घटत होतं, फोटो विकून घराला हातभार लागावा अशी त्यांची आशा होती. खर्च पाहता तो फारसा लागला नाही. पण काम आपलं, तर नावही आपलं, एवढं त्यांनी पक्कं केलं.

घरच्यांचं काय? चांदीच्या क्षारानं हात काळे, कपडे काळे. ओला फोटो घेऊन बाई जेवणाच्या खोलीत धावायच्या आणि टेबलावरच्या चादरींवर न जाणारे डाग पडायचे. नवरा रागावला नाही. प्रत्येक फोटो तो कौतुकानं बघायचा. असं घर सगळ्यांना मिळत नाही, मैत्रिणींनो. आणि बाई काचा रंगवत होत्या तेव्हा चूल आणि झाडलोट बघायला घरात मोलकरणी होत्या, हेही विसरून चालणार नाही.

त्या मोलकरणीच कितीतरी फोटोंत आहेत. मेरी हिलियर नावाची मुलगी घरकाम सांभाळून देवमाता मेरी म्हणून इतक्यांदा बसली की गावात तिचं नाव 'मेरी मॅडोना' पडलं. दुसरी मेरी रायन. आईबरोबर भीक मागताना ही मुलगी बाईंना भेटली, त्यांनी तिला घरी आणलं, शिकवलं. लंडनच्या प्रदर्शनात तिला हेन्री कॉटन नावाच्या तरुणानं पाहिलं, असं सांगतात. १८६७ मध्ये दोघांचं लग्न झालं. हा कॉटन बंगालमध्ये सनदी अधिकारी होता. पुढं १९०४ मध्ये मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचे अध्यक्ष हेच सर हेन्री कॉटन. भीक मागणारी पोर कुठून कुठं पोचली बघा.

१८७३ मध्ये ज्युलियाबाईंवर घाव बसला. कॅमेरा देणारी लेक बाळंतपणात गेली. १८७५ मध्ये नवरा-बायको इंग्लंड सोडून सिलोनला गेले. सामानात दोन शवपेट्या होत्या म्हणतात, काचेच्या नि चिनी मातीच्या भांड्यांनी भरलेल्या. तिथं उकाडा, औषधं मिळायची मुश्कील. तरी त्यांनी मळ्यावरच्या आणि गावातल्या माणसांचे थोडे फोटो काढलेच. २६ जानेवारी १८७९ ला त्या तिथंच वारल्या. अवघी पंधरा वर्षं काम, आणि मागं बाराशेच्या आसपास चित्रं.

त्या सिलोनच्या फोटोंपाशी मी दर वेळी अडते. इंग्लंडातल्या कवी-शास्त्रज्ञांची नावं आपल्याला ठाऊक आहेत. मेरी हिलियरचं नावही टिकलं. पण सिलोनच्या फोटोंतल्या बायाबापड्यांना नाव नाही. 'कालुतराचे शेतकरी' एवढीच ओळख. चेहरा दीडशे वर्षं टिकला आणि नाव हरवलं. स्वतःचं नाव इतकं जपणाऱ्या बाईच्या हातून हे झालं.

माझ्या आजीचा एकच फोटो आहे, मतदान ओळखपत्रावरचा. त्यावर तिचं नाव आहे, पण ती त्यात माझी आजी वाटत नाही, घाबरलेली कुणी बाई वाटते. तिला दाराशी बसवून, एका अंगानं ऊन घेऊन, जरा गप्पा मारत कुणी फोटो काढला असता तर!

म्हणून आमच्या ताईंना मी सांगितलं तेच तुम्हालाही सांगते. भर दुपारी अंगणात फोटो काढू नका. सकाळी दाराशी किंवा खिडकीशी, उजेड बाजूनं येईल असं ताट ठेवा, मागं एखादी गडद घोंगडी धरा. पहिले दहा बिघडतील, बिघडू द्या. आपल्याला काचा धुवायच्या नाहीत. मग त्याच उजेडात घरातल्या म्हातारीला बसवा. फोटो कागदावर काढून आणा आणि मागं पेनानं तिचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. खाली तुमचंही नाव लिहा, फोटो काढणारीचं.