बरसाती आणि वऱ्हाडातले घोडे

यवतमाळ हा बैलांचा मुलूख. कापूस गाडीबैलांवर गेला, पुढे मूर्तिजापूरच्या छोट्या रेल्वेने गेला. घोड्याच्या वाट्याला पाटलाचे तट्टू आणि गावचा टांगा एवढेच आले. तरीही या जिल्ह्याच्या नशिबात घोड्याचा हात मोठा होता. हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने पोसलेल्या फौजेचे रिसाले पैनगंगेपलीकडे हिंगोलीला आणि उत्तरेला एलिचपूरला असत. याच फौजेच्या खर्चापोटी 1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. त्यातल्याच वणी जिल्ह्याला 1905 साली यवतमाळ हे नाव मिळाले. अशा लष्करी पागांमुळेच घोड्यांचा एक किळसवाणा आजार इंग्रजी वैद्यकाच्या कागदावर चढला. तो आजार म्हणजे बरसाती. पावसाळ्यात पायावर, पोटाखाली किंवा ओठावर जखम होते, ती भरत नाही, फुगत जाते, तिच्यातून चिकट पू गळतो आणि पिवळट कंकर निघतात. खाज आणि ठणका एवढा की घोडा स्वतःचेच मांस चावून तोडतो.

माझे म्हणणे असे, की पागेतल्या माणसांनी हा रोग ऋतूवरून ओळखला, आणि तीच खूण तेव्हाच्या तर्कांहून भरवशाची ठरली. रक्त बिघडले, प्रकृतीच तशी, असले तर्क तेव्हा चालत. लष्करी पशुवैद्य फ्रेडरिक स्मिथ यांनी 1884मध्ये बरसातीच्या विकृतीवर लिहिले आणि बुरशीसारख्या जिवाकडे बोट दाखवले. त्या जिवाचे कुळ ठरायला मात्र शतक लागले. 1987 साली त्याला पिथियम इन्सिडिओसम हे नाव मिळाले; नाव देणाऱ्यांत अमेरिकेत काम करणारे अरविंद पाध्ये होते. हा जीव खरी बुरशी नव्हेच. साचलेल्या पाण्यात, कुजणाऱ्या पाल्यावर तो वाढतो, त्याचे बीजाणू पोहतात आणि पाण्यात उभ्या जनावराच्या कातडीला चिकटतात.

यावर आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. पावसाळ्यात माश्याही माजतात. मग दोष पाण्याचा कशावरून? खरेच, जुन्या बरसातीत दोन रोग एकत्र मोजले गेले असावेत. विसाव्या शतकाच्या आरंभी कळले, की माश्या घोड्याच्या पोटातल्या हॅब्रोनेमा कृमीच्या अळ्या जखमेत सोडतात आणि तशीच, कणीदार जखम होते. पण ती बहुधा थंडी पडली की सुकते. पिथियमची जखम सुकत नाही. आत, कधी हाडापर्यंत उतरते. म्हणजे ऋतूची खूण चुकीची नव्हती, अपुरी होती. मोतद्दाराने रोग कधी येतो ते सांगितले. तो कधी जातो, की जातच नाही, हे विचारणे वैद्याचे काम होते.

दुसरा आक्षेप असा, की हे छावणीच्या घोड्यांचे दुखणे, यवतमाळला त्याचे काय? छावणीत पशुवैद्य होता म्हणून तिथे नोंद झाली, एवढाच त्याचा अर्थ. काळ्या मातीत पाणी तुंबते, डबक्यात उतरणाऱ्या तट्टाला रिसाल्याच्या घोड्याहून वेगळी कातडी नसते. बैल मात्र या जिवाला क्वचितच बळी पडतो, त्यामुळे बैलांच्या मुलखात हा रोग डोळ्यांत भरणे कठीणच. आजही तो दुर्मीळ आहे, पण उशीर महागात पडतो: लहान असताना निरोगी कडेसकट कापून काढलेली जखम बरी होऊ शकते, पसरलेली बहुधा नाही. म्हणून पावसाळ्यातली जी जखम कंकर टाकते, तिचा तुकडा तपासायला पाठवावा. हळद-चुना लावून थंडीची वाट पाहू नये.