४३ सेकंदांनंतरचा दिवस

वेळा भारतीय घड्याळाच्या आहेत. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा रविवारची संध्याकाळ होती.

सोमवार, २२ ऑक्टोबर २०१८, पहाटे ४.२२
गिटहब या कोड साठवण्याच्या साइटच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य डेटा सेंटरला त्याच किनाऱ्यावरच्या नेटवर्क केंद्राशी जोडणारं १०० गिगाबिटचं ऑप्टिकल उपकरण बिघडू लागलं होतं, म्हणून ते बदलायला घेतलं. नेहमीच्या देखभालीतलं काम. बदलताना संपर्क तुटला आणि ४३ सेकंदांत परतही आला.

‘लिंक गेली वाटतं’ असं म्हणून माणूस खुर्चीत सरसावून बसेपर्यंत एवढा वेळ जातो. यंत्राला मात्र तो भरपूर झाला. गिटहबच्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या क्लस्टरमध्ये मुख्य सर्व्हर कोण, हे ठरवण्याचं काम ऑर्केस्ट्रेटर नावाची प्रणाली बहुमताने करत असे. मुख्य सेंटरचा आवाज बंद झाल्यावर पश्चिम किनारा आणि पूर्वेकडचं पब्लिक क्लाउड इथल्या ऑर्केस्ट्रेटरच्या नोड्सनी कोरम जमवला आणि मुख्यपद पश्चिमेला देऊन टाकलं. लिंक आली, आणि सगळ्या नव्या नोंदी पश्चिमेला होऊ लागल्या. पण तुटण्याच्या त्या क्षणी पूर्वेला झालेल्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. एकाच जमिनीचे दोन सातबारे तयार झाले, आणि दोन्ही खरे.

४.२४
अलार्म वाजायला लागले.

४.३२
ऑर्केस्ट्रेटरला विचारलं तर उत्तरात फक्त पश्चिमेचे सर्व्हर. पूर्वेच्या सर्व्हरांचा त्यात पत्ताच नव्हता.

४.३७
नवा कोड चढवण्याचं काम हाताने कुलूपबंद केलं. दोन मिनिटांनी स्थितीफलक पिवळा, ४.४३ ला लाल.

४.४३
इथे थोडं थांबायला हवं, कारण दिवसभराचा खरा आजार इथे आहे. संपर्क पूर्ववत झाला होता, तरी साइट हळू चालत होती. अशा वेळी सर्व्हरवर बसलेला माणूस आधी इंटरफेसचा वेग बघतो, मग एरर आणि ड्रॉपचे आकडे, मग आयपर्फ चालवून पाइप किती भरतो ते पाहतो. या तिन्ही ठिकाणी सगळं ठीक दिसलं असतं, तरीही हा आजार तसाच राहिला असता. अडचण रुंदीची नव्हती, अंतराची होती. ॲप्लिकेशन पूर्व किनाऱ्यावर, लिहायचा डेटाबेस पश्चिम किनाऱ्यावर, मध्ये सुमारे ४,००० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जायला २० मिलिसेकंद, यायला २०, आणि केबल सरळ रेषेत धावत नसल्याने प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त. एक फेरी ६० मिलिसेकंदांची धरा. एका पानासाठी एकामागून एक वीस क्वेरी लागत असतील तर नुसत्या वाटेवर १.२ सेकंद गेले. त्याच इमारतीत हे काम डोळ्याचं पातं लवण्याआधी होतं. पाइप १०० गिगाबिटचा असो की हजार गिगाबिटचा, प्रत्येक क्वेरी आधीच्या उत्तराची वाट बघत असेल तर रुंदीचा उपयोग शून्य.

मग मुख्यपद परत पूर्वेला का दिलं नाही? कारण तोवर पश्चिमेला कितीतरी मिनिटांच्या नव्या नोंदी झाल्या होत्या. मागे फिरायचं तर त्या गमवायच्या. अभियंत्यांनी ठरवलं, साइट रखडली तरी चालेल, लोकांचा डेटा जपायचा. हा निर्णय मला आजही मोठा वाटतो. हळू चालणाऱ्या साइटच्या तक्रारी ताबडतोब येतात, हरवलेल्या नोंदीची तक्रार कधीकधी महिन्यांनी येते किंवा येतच नाही. झटपट सुटकेचा मोह किती असतो, हे सर्व्हर सांभाळणाऱ्या कुणालाही विचारावं.

४.४९
वेबहुक (कोड बदलला की इतर प्रणालींना आपोआप जाणारे निरोप) आणि पेजेस या वेबसाइट-सेवेची बिल्ड मुद्दाम थांबवली. पुण्याच्या हिंजवडीत सोमवारचं काम सुरू झालं तेव्हा कोड पुश केल्यावर आपोआप सुरू होणारी पुढची साखळी अशी अडलेली होती.

५.३५
योजना ठरली: बॅकअपवरून पूर्वेचे क्लस्टर उभे करायचे, पश्चिमेशी जुळवायचे, मग मुख्यपद परत आणायचं. बॅकअप दर चार तासांनी घेतले जात. ते परत चढवण्याची चाचणीही रोज होई, पण अख्खं क्लस्टर बॅकअपवरून उभं करण्याची वेळ आजवर आली नव्हती. कित्येक टेराबाइट दूरच्या क्लाउडमधून ओढायचे, उलगडायचे, तपासायचे, चढवायचे. यातला बराच वेळ नुसता ओढण्यात जाणार होता.

दुपारी १२.२१
काही क्लस्टर उभे राहिले आणि पश्चिमेकडून नव्या नोंदी घेऊ लागले.

४.४२
सगळे मुख्य डेटाबेस पूर्वेला परत आले. साइट हलकी झाली. पण वाचनासाठीच्या डझनावारी रेप्लिका, म्हणजे डेटाबेसच्या प्रती, अजून काही तास मागे होत्या. त्यामुळे एकच पान दोनदा उघडलं तर कधी ताजी माहिती दिसे, कधी सकाळची.

संध्याकाळी ६.४५
वर्दळ शिखराकडे चालली आणि रेप्लिकांची पिछाडी कमी होण्याऐवजी वाढू लागली. अंदाज इथेच चुकला होता. पिछाडी सरळ रेषेत भरून निघेल असं धरलं होतं. प्रत्यक्षात सुरुवातीला ती भराभर उतरली आणि पुढे तिची चाल मंदावत गेली. मग क्लाउडमध्ये जादा रेप्लिका उभ्या करून वाचनाचा भार वाटून दिला.

रात्री ९.५४
रेप्लिका जुळल्या. मांडणी मूळ रूपात आली.

१०.१५
तुंबलेलं काम सोडायला सुरुवात: ५० लाखांहून अधिक वेबहुक, पेजेसची ८० हजार बिल्ड. सोडताना कळलं की सुमारे २ लाख वेबहुकची अंतर्गत मुदत संपून ते गळून गेले आहेत. लगेच काम थांबवून मुदत वाढवली.

मंगळवार, पहाटे ४.३३
फलक हिरवा झाला. एकूण २४ तास ११ मिनिटं. मायक्रोसॉफ्टकडे गिटहबची मालकी जायला तेव्हा जेमतेम चार दिवस उरले होते.

कोडच्या रिपॉझिटरींना धक्का लागला नव्हता. उरल्या होत्या पूर्वेच्या बायनरी लॉगमध्ये अडकलेल्या, पश्चिमेला न पोचलेल्या त्या नोंदी. सर्वात गजबजलेल्या क्लस्टरांपैकी एकात त्या ९५४ निघाल्या. कोणती नोंद आपोआप जुळेल आणि कोणत्या नोंदीसाठी तिच्या मालकाशी बोलावं लागेल, हे ठरवण्यासाठी माणसं ते लॉग तपासायला बसली.