एक मत, दोन कामं

मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून जुळी शहरं आहेत. मला हे कळलं २०११ मध्ये, प्रोजेक्टसाठी तिथे गेल्यावर. मार्च महिना होता, खांबाखांबावर उमेदवारांचे फोटो. जर्मनीत मतदाराला दोन मतं असतात, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला, एवढं मी वाचून गेलो होतो. ऑफिसातला शेजारी हसला. म्हणाला, "ते बर्लिनच्या संसदेसाठी. आमच्या राज्यात एकच."

झालं, डोक्यात किडा शिरला.

बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात ७० मतदारसंघ आणि विधानसभेत किमान १२० जागा. तुमचं एकच मत दोनदा मोजलं जायचं. आधी मतदारसंघात, सर्वात जास्त मतं मिळवणारा थेट निवडून. मग तीच मतं राज्यभर पक्षानुसार, म्हणजे पाच टक्क्यांच्या वरच्या पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा. (एकच इनपुट, दोन फंक्शन्स!)

खरी गंमत पुढे आहे. उरलेल्या जागांवर कोण बसणार? इतरत्र पक्षाची यादी असते, इथे यादीच नव्हती. हरलेल्यांतले जे चांगले लढले, ते आत. आधी 'चांगले' म्हणजे जास्त मतं. पण ८० हजार मतांच्या मतदारसंघात १६ टक्के म्हणजे १२,८००, आणि ६० हजारांच्या मतदारसंघात २० टक्के म्हणजे १२,०००. चांगलं लढलेला दुसरा, पण जागा पहिल्याला! म्हणून २०११ पासून टक्केवारी धरू लागले.

मला ही पद्धत फार आवडली होती. हायकमांडची यादी नाही, प्रत्येकाने आपल्या गल्लीत मतं मागायची. पण हळूहळू दुसरी बाजू दिसली. प्रत्येक मतदारसंघात पक्षाच्या स्थानिक सभेला एकच नाव निवडायचं असतं, आणि ते बहुतेक वेळा एखाद्या पुरुषाचं निघायचं. 'बाईंना संधी द्यायला हवी' हे सगळ्यांना मान्य, फक्त शेजारच्या मतदारसंघात! यादी असती तर समतोल साधता आला असता. महिला आमदारांच्या प्रमाणात हे श्रीमंत राज्य वर्षानुवर्षं देशात तळाशी राहिलं.

अपवाद होते. श्टुटगार्ट-१ मधून २०११ मध्ये ग्रीन पक्षाच्या मुहतेरेम आरास थेट जिंकल्या. जन्म तुर्कस्तानातला, बाराव्या वर्षी जर्मनीत आलेल्या, व्यवसायाने करसल्लागार. त्याच निवडणुकीने १९५३ पासूनची सीडीयूची सत्ता गेली. २०१६ मध्ये आरास विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या महिला.

पण अपवादांवर सिस्टिम चालत नाही. २०२२ मध्ये कायदा बदलला: दोन मतं, पक्षाची यादी आणि मतदानाचं वय १६. ८ मार्च २०२६ ची निवडणूक ही या पद्धतीची पहिली.

मला अजूनही यादीची थोडी भीती वाटते. यादीत वरचा नंबर मिळवायला मतदारांपेक्षा नेत्यांना खूश ठेवावं लागतं. पण 'जो चांगला लढेल तो आत' हा नियम कितीही न्याय्य असला, तरी मैदानात कुणाला उतरू दिलं जातं हा प्रश्न त्याच्याही आधीचा. आपण कोडमध्ये नेमकं हेच विसरतो. अल्गोरिदम घासूनपुसून चकाचक, आणि इनपुट कुठून आलं ते कुणी बघितलेलंच नाही.

असो. मी तिथे कर भरत होतो, मत मात्र नव्हतं. म्हणूनच बहुधा ते कसं मोजतात हे इतकं लक्ष देऊन बघितलं.