१९९५ च्या आधीचे इंटरनेट

१/ भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, असे आपण वाचत आलो आहोत. वस्तुतः त्या दिवशी विदेश संचार निगमने ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली केली. मूळ कथा जवळपास एक दशक आधी, मुंबईत सुरू होते.

२/ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वाढलेल्या संगणक गटातून १९८५ मध्ये 'नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी' (एनसीएसटी) ही संस्था उभी राहिली. श्रीनिवासन रमणी हे तिचे पहिले संचालक.

३/ १९८६-८७ मध्ये एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात ई-मेलची देवाणघेवाण सुरू झाली. कायमची जोडणी नव्हतीच. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये एक सोय होती: एका संगणकाने टेलिफोनवरून दुसऱ्याला फोन लावायचा, साठलेली पत्रे सोपवायची, आलेली घ्यायची आणि फोन ठेवायचा.

४/ याच पायावर 'अर्नेट' हे शिक्षण व संशोधन संस्थांचे जाळे विस्तारले. १९८९ मध्ये एनसीएसटीचा दुवा थेट अमेरिकेशी जुळला. वेग होता सेकंदाला अवघा ९,६०० बिट.

५/ भारताच्या 'डॉट इन' या पत्त्याची सुरुवातीची व्यवस्थाही एनसीएसटीकडेच होती. पुढे ही संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि तिचे नाव लोकांच्या स्मरणातून गेले.

६/ आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संकेतस्थळाचा पत्ता मात्र आजही 'डॉट इन'नेच संपतो. स्पर्धा परीक्षेसाठी १९९५ अवश्य पाठ करावे. त्याशेजारी वहीत १९८६ हे सालही लिहून ठेवावे.