800 डॉलरची टीम

2004 चा जून महिना. कॅलिफोर्नियातलं सांता बार्बारा. लोरेन्झो सांतियान नावाचा एक शाळकरी मुलगा दुकानात टॅम्पॉनच्या कप्प्यासमोर उभा आहे. कुठले घ्यायचे ते कळत नाही, आणि विचारायची लाज वाटते. शेवटी धीर करून तो तिथल्याच एका अनोळखी बाईंना विचारतो: सगळ्यात जास्त पाणी शोषणारे कुठले? कशाला हवेत, तेही सांगतो. रोबो गळतोय.

गळत होता हे खरंच. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती आणि सर्किट ठेवलेल्या पेटीत पाणी शिरत होतं. नवी पेटी घ्यायला पैसे नव्हते, बसवायला वेळ नव्हता. मग मुलांनी डोकं चालवलं: गळती थांबवता येत नसेल, तर आत येणारं पाणी टिपून घ्यायचं. टॅम्पॉन नेमके त्याच कामासाठी बनवलेले असतात, आणि स्वस्तही असतात.

ही गोष्ट अमेरिकेत बरीच गाजली. जोशुआ डेव्हिसने 2005 साली 'वायर्ड' मासिकात त्यावर लेख लिहिला, 2014 मध्ये पुस्तक आलं, 2015 मध्ये 'स्पेअर पार्ट्‌स' हा चित्रपट. सांगताना भर असतो तो 'गरीब पोरांनी एमआयटीला हरवलं' यावर. ते खोटं नाही. पण या गोष्टीतला पैशाचा हिशेब नीट मांडला, तर ती वेगळी दिसायला लागते.

आधी थोडं मागे जाऊ. शाळेची रोबोटिक्स टीम ही कल्पना फार जुनी नाही. डीन केमन या संशोधकाने 1989 साली 'फर्स्ट' ही संस्था काढली. शाळेत फुटबॉलच्या टीमला जो मान मिळतो, तो यंत्र बनवणाऱ्या मुलांना का मिळू नये, हा त्याचा प्रश्न होता. एमआयटीतले प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स आपल्या विद्यार्थ्यांना यंत्रं बनवून एकमेकांशी स्पर्धा करायला लावत. तो साचा त्याने शाळांसाठी घेतला. 1992 मध्ये न्यू हॅम्पशरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या जिममध्ये पहिली स्पर्धा झाली. टीम होत्या 28.

या स्पर्धेचं गणित सुरुवातीपासून असं, की शाळेने एखादी कंपनी गाठायची. कंपनीने पैसे द्यायचे आणि शक्यतो आपले अभियंतेही मुलांच्या मदतीला द्यायचे. शाळेच्या आसपास मोठी कंपनी असली, पालकांपैकी कुणी तिथे नोकरीला असलं, की काम सोपं. नसलं तर? तर कुठल्यातरी शिक्षकाला दारोदार फिरावं लागतं.

फिनिक्सच्या पश्चिम भागातल्या कार्ल हेडन हायस्कूलमध्ये असे दोन शिक्षक होते. संगणक शिकवणारे ॲलन कॅमरन आणि सागरी विज्ञान शिकवणारे, इराणमध्ये जन्मलेले फ्रेडी लाजवर्दी. फिनिक्स म्हणजे ॲरिझोनाचं वाळवंट. तिथे सागरी विज्ञान शिकवणं हाच एक विनोद. शाळेतली बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाची, घरची परिस्थिती बेताची. या दोघांनी 'फाल्कन रोबोटिक्स' नावाची टीम उभी केली. 'फर्स्ट'मधला तिचा क्रमांक 842.

2004 मध्ये त्यांनी पाण्याखालच्या रोबोंच्या एका वेगळ्या स्पर्धेत उतरायचं ठरवलं. तिचं नाव 'मेट'. तिच्यात दोन गट होते, एक सोपा आणि एक कॉलेजांचा. शिक्षकांनी कॉलेजांचा गट निवडला. हरणार तर आहोतच, मग मोठ्यांकडून हरू, त्यात कमीपणा नाही, असा साधा विचार होता.

टीममध्ये चौघं. ऑस्कर वाझकेझ पुढारी. शाळेच्या सैनिकी प्रशिक्षणात तयार झालेला, ज्याला सैन्यात जायचं होतं पण जाता येत नव्हतं. क्रिस्तियान आर्सेगा अभ्यासातला हुशार. लुईस अरांडा अंगाने दणकट, रोबोची केबल सांभाळणारा. आणि टॅम्पॉन आणणारा लोरेन्झो. चौघंही लहानपणी मेक्सिकोतून आलेले, आणि अमेरिकेत राहायची कायदेशीर कागदपत्रं नसलेले.

जमलेली रक्कम सुमारे 800 डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण 36 हजार रुपये. एमआयटीच्या टीमला एक्सॉनमोबिल या तेल कंपनीने 10 हजार डॉलर दिले होते, म्हणजे साडेचार लाख. बारापटीहून जास्त.

800 डॉलरमध्ये काय येतं? सांगाडा धातूचा करणं परवडत नव्हतं, म्हणून प्लंबर वापरतात ते पीव्हीसी पाइप घेतले. मग लक्षात आलं, की पाइप पोकळ असतो: आतली हवा रोबोला तरंगायला मदत करते आणि वायरी आतून नेता येतात. पाइप जोडायच्या गोंदाचा वास इतका उग्र होता, की रोबोचं नावच पडलं 'स्टिंकी', म्हणजे वासाड्या. द्रवाचा नमुना भरून घ्यायला फुगा लावला. आणि जिथे पैसे पुरत नव्हते तिथे मुलांनी विचारलं. कंपन्यांना फोन करून तापमान कसं मोजायचं हे तिथल्या अभियंत्यांकडून समजून घेतलं. सराव फिनिक्समधल्या स्कुबा शिकवणाऱ्यांच्या तलावात केला.

म्हणजे टीमचं खरं भांडवल त्या 800 डॉलरच्या बाहेर होतं. दोन शिक्षकांच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार, अनोळखी अभियंत्यांची फोनवरची मिनिटं, दुकानातल्या त्या बाईंचा सल्ला. यातलं काही खर्चाच्या वहीत येत नाही. पण हे सगळं मिळालं ते मुलं मागायला गेली म्हणून. पैसेवाल्या टीमला जे विकत घेता येतं, ते यांना विचारावं लागलं, आणि विचारायचं तर आधी आपल्याला काय कळत नाही ते नेमकं ठाऊक असावं लागतं.

स्पर्धेत बुडालेल्या पाणबुडीच्या प्रतिकृतीपाशी जाऊन कामं करायची होती: लांबी मोजणं, पिंपातला द्रव काढणं, असं बरंच. परीक्षकांत नौदलाची आणि नासाची माणसं होती. त्यांनी तांत्रिक प्रश्न विचारले, आणि मुलांनी उत्तरं दिली. प्रत्येक भाग त्यांनी स्वतः निवडला होता, स्वतः जोडला होता. पाठ करायचं काही उरलंच नव्हतं. स्टिंकीने द्रवही काढून आणला.

बक्षीस समारंभात त्यांना आधी परीक्षकांचं खास पारितोषिक मिळालं. मुलांना वाटलं, कीव म्हणून दिलंय, आता संपलं. मग डिझाइनचं मिळालं. मग तांत्रिक लेखनाचं. आणि शेवटी एकूण स्पर्धेचं पहिलं. एमआयटी दुसरी.

चित्रपटाला शेवट म्हणून हे छान आहे. आयुष्य पुढे चालू राहिलं.

'वायर्ड'चा लेख वाचून लोकांनी या चौघांच्या शिक्षणासाठी हजारो डॉलर पाठवले. आता पैसे होते. पण नोव्हेंबर 2006 मध्ये ॲरिझोनाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन 300' मंजूर केलं: कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातल्या रहिवाशांची कमी फी नाही, राज्याची मदतही नाही. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या क्रिस्तियानला वाढलेली फी परवडेना. त्याने शिक्षण सोडलं. लोरेन्झो आणि लुईस स्वयंपाकाच्या कामाकडे वळले.

ऑस्करने 2009 मध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. मग कायदेशीर मार्गाने परत यायचं म्हणून स्वतःहून देश सोडला आणि मेक्सिकोत जाऊन अर्ज केला. उत्तर आलं: दहा वर्षं प्रवेश बंद. सिनेटर डिक डर्बिन यांनी त्याचं प्रकरण सिनेटमध्ये मांडलं, आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये त्याला परत येता आलं. आल्यावर तो कुठे गेला? सैन्यात. शाळेत असताना जिथे त्याला घेता येत नव्हतं, तिथेच. पुढे तो अफगाणिस्तानात लढायला गेला.

तुमच्या शाळेत उद्या कुणी टीम काढायला निघालं, तर वहीत पहिल्या पानावर हिशेब येईल: मोटरी, बॅटरी, पाइप, नोंदणी, प्रवास. तो करावाच लागतो, आणि कार्ल हेडनच्या मुलांनी दाखवलं की तो 800 डॉलरमध्येही बसवता येतो. पण त्यांना जे सगळ्यात महाग पडलं, ते त्या यादीत नव्हतंच. पेटीत शिरणारं पाणी काही डॉलरच्या वस्तूने टिपून घेता आलं; क्रिस्तियानची जागा मात्र लोकांनी पाठवलेले हजारो डॉलरही वाचवू शकले नाहीत.