वाकड्या पावलांचा इतिहास

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्या पुष्कळ भगिनी आपल्या मंडळात आहेत, हे मी सुचवून पाहिले. पण त्या ऐकेनात. तेव्हा मांडीवर मूल घेऊन मला जो इतिहास शिकावा लागला, तोच सांगते.

माझा मुलगा १९७५ साली झाला. दोन्ही पावले आत मुरडलेली, टाचा वर ओढलेल्या, तळवे एकमेकांकडे तोंड करून. डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात. हजार बाळांमागे एखाद्याला तरी हे असते आणि मुलींपेक्षा मुलांत अधिक, हे मला तेव्हा कोण सांगणार? बारशाला आलेल्या बायकांपुढे मी दुपटे सोडलेच नाही. रात्री सासूबाईंनी हळूच विचारले, "ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" १९७४ च्या कार्तिकी पौर्णिमेला चंद्रग्रहण होते आणि दीर तापाने पडले होते म्हणून मी त्यांच्यासाठी एक लिंबू चिरले होते. मी "नाही" म्हणाले. ते खोटे मी तेहतीस वर्षे पोटात ठेवले.

आधी प्लास्टरे झाली, पण पाय पुरते वळेनात. मग नवव्या महिन्यात पुण्याच्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. पावलाच्या आतल्या अंगाचे व टाचेमागचे आखडलेले सारे मोकळे करायचे, अशी त्या काळची रीत. पोर माझ्या हातून नेले तेव्हा त्याच्या मुठीत माझ्या पदराचे टोक होते. ते नर्सबाईंनी सोडवले. सहाव्या वर्षी दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागली. त्या वेळी त्याला समजत होते. शुद्धीवर येताच तो म्हणाला, "आई, तू होतीस ना इथे, मग कापू का दिलंस?" पाय सरळ दिसू लागले खरे, परंतु ताठ राहिले. आजही सकाळी उठल्यावर पहिली दहा पावले तो भिंतीला धरून टाकतो. डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या काळी पुष्कळ ठिकाणी हेच उत्तम समजत.

आता थोडे मागे जाऊ. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या परंपरेत लिहून ठेवले आहे की असे पाऊल मूल लहान असतानाच हाताने हळूहळू वळवून पट्ट्यांनी बांधावे. १७४१ साली फ्रान्समध्ये निकोलस आंद्री या वैद्याने 'सरळ' आणि 'मूल' अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'ऑर्थोपेडी' हा शब्द घडवला. त्याने हे पुस्तक आईबापांना उद्देशून लिहिले, याचे मला फार बरे वाटले. निदान एकाला तरी आमची आठवण झाली!

पुढे लंडनचा डॉक्टर विल्यम लिटल. लहानपणच्या आजाराने त्याचा स्वतःचाच एक पाय वाकडा झाला होता. १८३६ साली तो जर्मनीत हॅनोव्हरला श्ट्रोमायर यांच्याकडे गेला. त्यांनी कातडीला बारीकशी चीर देऊन टाचेची शीर तोडली आणि पाऊल खाली आले. शस्त्रक्रियेसाठी ईथरची भूल देणे १८४६ नंतर रूढ झाले, म्हणजे हे सारे त्याने जागेपणी सोसले. ती विद्या शिकूनच तो मायदेशी परतला.

पण माझ्या घराशी ज्याचा खरा संबंध आला, तो माणूस वेगळाच. इग्नासियो पोन्सेती १९१४ साली स्पेनच्या मिनोर्का बेटावर जन्मला. वडील घड्याळे दुरुस्त करीत. यादवी युद्धात त्याने जखमी सैनिकांची हाडे बसवली आणि पराभवानंतर देश सोडला. फ्रान्स, मेक्सिको असे करीत तो १९४१ साली अमेरिकेत आयोवाला पोचला. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांचे पाय मोठेपणी ताठ होतात, दुखतात, हे त्याने तिथे पाहिले. मग १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याने आपली पद्धत बसवली. दर आठवड्याला पाऊल हाताने थोडे वळवायचे आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. अशी पाचसहा प्लास्टरे. शेवटी बहुतेकांची टाचेची शीर तेवढी तोडायची. १९६३ साली त्याने हे छापले. पण ते कोणी मनावर घेईना. माझ्या मुलाची पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्या लेखाला तेरा वर्षे झाली होती. या हिशेबाने अजून माझ्या जिवाचे पाणी होते.

ही पद्धत जगभर गेली ती १९९० च्या दशकानंतर, आणि तिच्या प्रसारात आईबापांचाही मोठा वाटा होता. इंटरनेटवर ते एकमेकांना कळवू लागले आणि आपापल्या डॉक्टरांपुढे कागद ठेवू लागले.

२००८ साली नातू झाला. तीच पावले! त्या रात्री मुलगा दवाखान्याच्या जिन्यात बसून म्हणाला, "आई, हे माझ्यामुळे झालं." बापाला असेल तर मुलाला होण्याचा संभव अधिक, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तेव्हा मी प्रथमच त्याला ते लिंबू सांगितले. तो हसला, मग रडला आणि म्हणाला, "इतकी वर्षं हे घेऊन बसली होतीस?"

सूनबाईंनी माहिती काढली आणि पोन्सेती पद्धतीचे डॉक्टर शोधले. सहा प्लास्टरे, एक चिमुकली चीर, आणखी तीन आठवडे प्लास्टर. खरी कसोटी नंतर होती. मधे दांडा असलेले बूट, तीन महिने जवळजवळ दिवसभर, मग चार वर्षांचा होईपर्यंत रोज झोपताना. ते सोडले की पाय पुन्हा वळू लागतात. नातू असा रडे की सूनबाईंचे हात थरथरत. मग ते काम मी घेतले. पट्टा आवळताना रोज माझ्या कानांत त्या सहा वर्षांच्या मुलाचा प्रश्न वाजे, तरी पट्टा मी एक घर सैल केला नाही.

नातू आता मोठा झाला आहे. पायऱ्या दोनदोन उतरतो आणि मी ओरडते. बाप खालून हळूहळू येत असतो, कठड्याला धरून.